सहा माशांची टाकी चोवीस माशांसाठी तयार करताना

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दहा-वीस. टेस्ट किटमध्ये एवढं दिसलं की टाकी सायकल झाली, म्हणजे माशांपासून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू तिच्यात बसले, असं समजून लोक नवे मासे आणायला निघतात. हे अर्धंच खरं आहे. टाकीत रोज जेवढा अमोनिया तयार होतो, तेवढा पचवणारे जीवाणू तिच्यात आहेत, एवढंच त्या शून्यातून कळतं. त्याहून फार जास्त जीवाणू तिथे टिकत नाहीत, कारण त्यांना खायलाच काही नसतं. सहा माशांवर सायकल झालेली टाकी सहा माशांपुरतीच असते. तिच्यात एका दिवशी अठरा मासे आणखी सोडले तर किट तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं व्हायला, म्हणजे अमोनिया दाखवायला लागतं. मग दोष माशांच्या जातीला किंवा पाण्याला दिला जातो.

ही नोंद अशाच एका टाकीची आहे. सहा झेब्रा डॅनिओ आधीच आत होते, सायकल त्यांच्यासोबतच पूर्ण करायची होती आणि नंतर बारा छोटे टेट्रा व तळाशी राहणारे सहा कोरीडोरस मासे आणायचे होते. टाकी ८० × ३५ × ४५ सेंटिमीटरची. मापांचा गुणाकार १२६ लिटर येतो, पण ती बाहेरची मापं. काचेची जाडी, तळाची पाच सेंटिमीटर वाळू आणि वर मोकळी सोडलेली चार बोटं जागा वजा केली की खरं पाणी शंभर लिटरच्या आसपास उरतं. मीठ, सोडा, औषध, सगळ्याची मात्रा या शंभरावर काढायची, सव्वाशेवर नाही.

फिल्टर दोन लावले. एक काठावर टांगायचा, ताशी ५०० लिटर पाणी फिरवणारा. दुसरा कोपऱ्यातला, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. टांगत्या फिल्टरबरोबर आलेलं कार्बनचं कार्ट्रिज काढून त्याच्या जागी जाड स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज भरल्या. ती कार्ट्रिजं दर महिन्याला फेकून नवी लावायला सांगतात आणि आपले जीवाणू नेमके त्यांच्यावरच बसलेले असतात. दर महिन्याला अर्धी सायकल कचऱ्यात टाकायची ही पद्धत फक्त कार्ट्रिज विकणाऱ्याच्या सोयीची आहे. हीटर २६ अंशांवर ठेवला.

अमोनियाचं नायट्रेट करणारे, म्हणजे नायट्रीकरण करणारे हे जीवाणू पाण्यात मोकळे फारसे नसतात. स्पंजच्या छिद्रांत, रिंग्जवर, वाळूच्या वरच्या थरावर ते पातळ चिकट पापुद्रा करून राहतात. म्हणून जुन्या टाकीतलं पाणी आणून नव्या टाकीत ओतल्याने जवळजवळ काहीच साधत नाही. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मात्र महिनाभराचं काम आठवड्यावर आणू शकतो. जीवाणूंच्या नावांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाटल्यांवर अजून जुनी नावं दिसतात. नायट्रीकरण करणारे जीवाणू वेगळे काढून दाखवण्याचं काम विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास केलं. अमोनियासाठी नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टर ही जोडी पुढे बराच काळ पाठ होत राहिली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात होव्हानेक या संशोधकाच्या गटाने दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. २०११ मध्ये टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे आर्किया (जीवाणूंसारखे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मोठ्या संख्येने सापडले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. टाकी चालवणाऱ्याच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं एवढंच की हे सगळे सावकाश वाढतात. कुजवणारे साधे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना अनुकूल परिस्थितीतही आठ तासांपासून एक-दोन दिवस लागतात. घाई करून काही फरक पडत नाही.

अमोनियाचा हिशेब माशांच्या संख्येपासून नाही, खाद्यापासून सुरू होतो. मत्स्यशेतीत यासाठी एक साधं सूत्र वापरतात: खाद्याचं वजन गुणिले त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२, म्हणजे अमोनियाच्या रूपात बाहेर पडणारा नायट्रोजन. ४० टक्के प्रथिनं असलेल्या एक ग्रॅम खाद्यातून साधारण ३७ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे ४५ मिलिग्रॅम अमोनिया येतो. शंभर लिटरमध्ये तो ०.४५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.४५ मिलिग्रॅम होतो. न खाल्लेलं खाद्य वाळूत कुजलं तर आकडा आणखी वाढतो, कारण मग माशाच्या शरीरात काहीच राहत नाही.

सहा डॅनिओंना रोज ०.१ ग्रॅम खाद्य पुरतं. हे डोळ्यांना कळत नाही. दागिने तोलायचा ०.०१ ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा घेऊन एकदा आपली चिमूट तोलून बघावी. बहुतेकांची चिमूट ०.२ ते ०.३ ग्रॅम भरते आणि ती दिवसातून दोनदा पडते. ०.१ ग्रॅमला अमोनिया दिवसाला ०.०५ पीपीएमहून थोडा कमीच वाढतो. म्हणजे किटवर ०.२५ची छटा दिसायलाही पाच-सहा दिवस जातात. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर फिल्टरमधल्या जीवाणूंना रोज मिळतात जेमतेम साडेचार मिलिग्रॅम. चोवीस माशांना रोज ०.६ ग्रॅम खाद्य जाणार, त्याचा अमोनिया २७ मिलिग्रॅम. सायकल झालेल्या टाकीला एकदम सहापट काम. सगळी अडचण या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

पाण्याबद्दल आधी एक गोष्ट तपासली. नळाचं पाणी शुद्ध करायला क्लोरीन वापरतात की क्लोरामाइन, यावर बरंच काही ठरतं. साधा क्लोरीन पाणी उघडं ठेवून, विशेषतः हवा सोडून, दिवसभरात उडतो. क्लोरामाइन असा उडत नाही. सोडियम थायोसल्फेट असलेलं अँटीक्लोरीन त्यातला क्लोरीन मोडतं, पण अमोनिया मागे सोडतं. पाण्यात २ पीपीएम क्लोरामाइन असेल तर अँटीक्लोरीन टाकल्यावर अर्ध्या पीपीएमच्या आसपास अमोनिया किटवर दिसतो. तो माशांचा नाही, नळाचा. म्हणून टाकीचं पाणी तपासण्याआधी अँटीक्लोरीन टाकलेलं नळाचं पाणी तपासून तो आकडा लिहून ठेवावा. बादलीत भरून मग टाकीत ओतत असाल तर अँटीक्लोरीनची मात्रा बादलीपुरती पुरते. नळीने थेट टाकीत पाणी सोडत असाल तर ती संपूर्ण टाकीच्या पाण्यावर काढावी लागते.

टेस्ट किट थेंबांचंच हवं. पट्ट्यांवर अमोनियाचा रकाना बऱ्याचदा नसतोच, आणि ०.२५ व ०.५ यांच्यातला फरक पट्टी सांगू शकत नाही. अमोनियाची दोन प्रकारची किट मिळतात. हिरवा रंग देणारं सॅलिसिलेटवर चालतं, पिवळा देणारं नेसलरवर. अमोनिया बांधून ठेवणारं अँटीक्लोरीन वापरलं की नेसलर किट खोटा चढा आकडा देतं, त्यामुळे हिरवं घ्यावं. तेही बांधलेला आणि मोकळा अमोनिया एकत्रच दाखवतं, हे लक्षात ठेवावं. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघायचा. पिवळट बल्बखाली शून्यसुद्धा ०.२५ वाटतं. शंका असेल तर डिस्टिल्ड वॉटरची एक परीक्षानळी शेजारी धरावी. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर तळाशी बसलेली पूड थेंबात येत नाही आणि नायट्रेट कायम कमी दिसतं. शिवाय ते किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मग मोजतं. पाण्यात नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

माशांसोबतची सायकल म्हणजे खरं तर दोन कामं एकाच वेळी करणं. जीवाणूंना उपाशी ठेवायचं नाही आणि माशांचे कल्ले जाळायचे नाहीत. नियम असा ठेवला: रोज ठरावीक वेळी अमोनिया आणि नायट्राइट मोजायचे, दोन्हींची बेरीज ०.५ पीपीएमला आली की त्याच दिवशी अर्धं पाणी बदलायचं. किट दाखवतं तो एकूण अमोनिया, आणि त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २५-२६ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ला तो साडेपाच टक्क्यांवर जातो. विषारी अमोनिया ०.०२ पीपीएमच्या वर राहिला तर कल्ल्यांना हळूहळू इजा होते. म्हणून पीएच ८ किंवा वर असलेल्या पाण्यात ०.५ची वाट न पाहता ०.२५लाच पाणी बदलणं बरं. पाणी बदलल्याने सायकल लांबते असं म्हणणारे भेटतात. स्पंजवरचे जीवाणू पाण्याबरोबर जात नाहीत, आणि ०.२५ पीपीएमवरही ते वाढतात. मासे मेले तर मात्र नक्की लांबते.

याच काळात पाणी दुधाळ होतं. नव्या टाकीत कुजवणाऱ्या जीवाणूंचा एकदम सुकाळ होतो, तोच हा धुरकटपणा. हे नायट्रीकरण करणारे नव्हेत. यावर उपाय म्हणजे खाद्य कमी करणं आणि हवा वाढवणं, कारण हे जीवाणू ऑक्सिजन खातात. आठवड्याभरात पाणी आपोआप निवळतं. फिल्टर उघडून नळाखाली धुणं ही या वेळी होणारी सर्वांत महागडी चूक आहे. नव्या लाकडावर पांढरी बुरशीसारखी साय येते, तीही निरुपद्रवी. थोड्या दिवसांनी काचेवर तपकिरी थर येतो, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. बोटाने पुसला जातो.

अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट चढतो आणि इथे आकडे फसवतात. एक पीपीएम अमोनियापासून २.७ पीपीएम नायट्राइट होतो. रोजचा ०.०४५ पीपीएम अमोनिया म्हणजे रोजचा ०.१२ पीपीएम नायट्राइट. चार दिवसांत बेरीज ०.५ होते. त्यामुळे या टप्प्यात पाणी अमोनियाच्या टप्प्यापेक्षा जास्त वेळा बदलावं लागतं. काहीतरी बिघडलं म्हणून नाही, गणितच तसं आहे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, कल्ले तपकिरी दिसतात, आणि पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही त्यांचा जीव गुदमरतो. यावर साधं मीठ काम करतं. क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांतल्या एकाच वाटेने आत शिरतात. क्लोराइड जास्त असेल तर नायट्राइटला जागा मिळत नाही. दहा लिटरला एक ग्रॅम, म्हणजे या टाकीला १० ग्रॅम मीठ पुरलं. वनस्पतींना आणि पुढे येणाऱ्या कोरीडोरसना एवढं मीठ बाधत नाही. अर्धं पाणी बदललं की ५ ग्रॅम परत टाकायचं, जास्त नाही. मीठ उडून जात नाही, ते फक्त पाणी बदलल्यानेच कमी होतं.

सुरुवातीला काहीच उसनं न आणता केलेली सायकल २५ ते २८ अंशांना साधारण चार ते आठ आठवडे घेते. यात अमोनियाचा भाग लहान आणि नायट्राइटचा मोठा. दिवस मोजण्यापेक्षा वहीतले आकडे बघावेत. दोन्ही शून्य आणि नायट्रेट सावकाश चढता, हे सलग आठवडाभर टिकलं की सहा डॅनिओंची सायकल झाली.

आता साडेचार मिलिग्रॅमपासून सत्तावीसपर्यंत कसं जायचं? नेहमीचा मार्ग म्हणजे दर दोन आठवड्यांनी तीन-चार मासे वाढवत जाणं. तो चुकीचा नाही, पण टेट्रासारखे थव्याने राहणारे मासे चार-चारने आणले तर बिचकून कोपऱ्यात बसतात, आणि दर खेपेला नवा रोग आत येण्याची शक्यता वाढते. टाकीत बाहेरून अमोनिया टाकून क्षमता वाढवणं मासे असताना शक्य नाही. म्हणून दुसरा स्पंज बाहेर, बादलीत तयार केला. माझ्या मते अर्धवट भरलेल्या टाकीसाठी हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, कारण यात फिल्टरची ताकद मोजता येते. माशांच्या टाकीत ती मोजता येत नाही. तिथे रोजचा अमोनिया इतका कमी असतो की किटला तो दिसतच नाही.

बादलीत २० लिटर पाणी, एक नवा जोड-स्पंज फिल्टर, वेगळा एअर पंप आणि छोटा हीटर २८ अंशांवर. हीटर प्लास्टिकला टेकता कामा नये, आणि पाणी आटून तो उघडा पडता कामा नये. पाणी अँटीक्लोरीन टाकलेलं. टाकीतला चालू स्पंज याच बादलीत एकदा पिळला. तपकिरी गढूळ पाणी आलं, तेच बियाणं. एक-दोन कण माशांचं खाद्यही टाकलं. निव्वळ अमोनियावर जीवाणूंना फॉस्फेट मिळत नाही, आणि आरओच्या पाण्यात तर त्यावाचून काम अडूनच बसतं.

अमोनियासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरलं. ३० ग्रॅम पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एकूण एक लिटर द्रावण केलं. याच्या एका मिलीत साधारण १० मिलिग्रॅम अमोनिया असतो, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. २० लिटरच्या बादलीत ४ मिली म्हणजे ४० मिलिग्रॅम, म्हणजेच २ पीपीएम. याच द्रावणाचा एक मिली १० लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकला तर १ पीपीएमचं पाणी होतं, आणि किट खरं बोलतं की नाही हेही तपासता येतं. बाटलीवर ठळक लेबल लावावं आणि ती माशांच्या खाद्याशेजारी कधीही ठेवू नये. घर पुसायच्या अमोनियात साबण किंवा सुगंध असतो. बाटली हलवल्यावर फेस टिकला तर ती बाद. युरिया चालत नाही, कारण त्याचा अमोनिया व्हायला वेळ लागतो आणि तोवर किट शून्यच दाखवत राहतं. कोळंबीचा तुकडा कुजत ठेवण्याची जुनी युक्तीही आहे. चालते, पण किती मिलिग्रॅम गेले ते कुणालाच कळत नाही, आणि वास कळतो.

इथे पीपीएम आणि मिलिग्रॅम यांत गल्लत होते. जीवाणूंची फौज पीपीएमवर उभी राहत नाही, रोज मिळणाऱ्या मिलिग्रॅमवर राहते. २० लिटरच्या बादलीतले २ पीपीएम म्हणजे ४० मिलिग्रॅम, आणि १०० लिटरच्या टाकीत तेच ०.४ पीपीएम. बादलीत रोज २ पीपीएम संपवणारा स्पंज टाकीत रोज सुमारे ०.९ ग्रॅम खाद्याचा अमोनिया पेलतो. आपल्याला ०.६ ग्रॅमचा हवा होता. दीडपट मोकळीक मिळाली, आणि ती हवीच, कारण नव्या टाकीत थोडं खाद्य वाया जाणारच.

बादलीत पहिल्या मात्रेनंतर अमोनिया ०.२५च्या खाली येईपर्यंत पुढची मात्रा द्यायची नाही. पाचाच्या वर अमोनिया नेला तर वाढ मंदावते, घाईचा उलटाच परिणाम होतो. पिळलेल्या स्पंजामुळे अमोनिया लवकर उतरतो. मग नायट्राइटची नळी गडद जांभळी होते आणि तशीच राहते. बऱ्याच किटची मर्यादा ५ पीपीएम असते, आणि २ पीपीएमच्या एकाच मात्रेतून ५.४ नायट्राइट होतो. खरा आकडा ८ आहे की ३०, हे रंगावरून कळत नाही. बादलीतलं १ मिली पाणी आणि ९ मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळून मोजायचं आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. १५च्या वर निघालं तर अर्धं पाणी बदलायचं आणि काही दिवस मात्रा अर्ध्यावर आणायची. इथे मासे नाहीत, त्यामुळे संकट नाही. फक्त नायट्राइट पचवणाऱ्यांना गाठायला वेळ द्यायचा.

बादली मध्येच अडली तर पहिला संशय केएचवर, म्हणजे पाण्याच्या क्षारतेवर घ्यावा. नायट्रीकरणात आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली क्षारता खातं. २ पीपीएमची प्रत्येक मात्रा सुमारे ०.६५ अंश केएच संपवते. केएच ४ असलेलं पाणी आठवड्याच्या आत शून्यावर येतं. मग पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली काम मंदावतं, सहाच्या खाली जवळपास थांबतं. बघणाऱ्याला वाटतं जीवाणू मेले. ते मेलेले नसतात, खोळंबलेले असतात. खाण्याचा सोडा हा उपाय. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने केएच एक अंश वाढतो, म्हणजे २० लिटरला ०.६ ग्रॅम. रोज २ पीपीएम जात असेल तर बादलीला आठवड्याला साधारण ३ ग्रॅम लागतात. बादलीत एकदम टाकला तरी चालतो. टाकीत मात्र, मासे असताना, असा एकदम टाकायचा नाही. केएच घसरून पीएच सहावर आलेल्या टाकीत साचलेला अमोनिया बिनविषारी अमोनियम रूपात पडून असतो. एका झटक्यात पीएच आठवर नेला की तोच विषारी होतो. ‘पाणी बदललं आणि मासे मेले’ या तक्रारींत हे कारण पुष्कळदा असतं. तिथे रोज दहा-पंधरा टक्के पाणी बदलत सावकाश वर यायचं.

अडण्याची दुसरी कारणं थोडक्यात: हवा कमी पडणं, अँटीक्लोरीन न टाकता पाणी बदलणं, थंड पाणी, फिल्टरमध्ये राहिलेलं झिओलाइट (अमोनिया शोषून घेणारं खनिज), आणि टाकीत टाकलेलं अँटिबायोटिक. हवेचं महत्त्व लोकांना पटत नाही. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. २८ अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये तो आठ मिलिग्रॅमही मावत नाही. म्हणून एअर पंप रात्री बंद करायचा नाही. वीज काही तास गेली तर टाकीत उघडा असलेला स्पंज बराच तग धरतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधला ऑक्सिजन मात्र लवकर संपतो, आणि वीज आल्यावर ते कुजकं पाणी थेट टाकीत येतं. आधी डबा रिकामा करून, माध्यम टाकीच्या पाण्यात खळबळूनच तो सुरू करावा.

बाटलीतल्या जीवाणूंबद्दल विचारलं जातं. काही बाटल्यांत खरे नायट्रीकरण करणारे असतात आणि त्या ताज्या, थंडाव्यात ठेवलेल्या असतील तर वेळ वाचतो. काहींत बॅसिलससारखे कुजवणारे असतात. ते गाळ कमी करतात, अमोनियाचं नायट्रेट करत नाहीत. कुठलीही बाटली वापरली तरी परीक्षा तीच: अमोनिया दिला, तो चोवीस तासांत गेला का? भरपूर वनस्पती असलेल्या टाकीत आणखी एक गुंता असतो. हॉर्नवर्ट, डकवीडसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती अमोनियम थेट खातात. तिथे शून्य दिसतं ते फिल्टरमुळे नव्हे. ती वनस्पती एका दिवशी उपसून काढली की उरलेलं काम अंगावर येतं.

बादलीची परीक्षा अशी: संध्याकाळी ४ मिली, दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. हे सलग तीनदा झालं की स्पंज तयार. शेवटच्या आठवड्यात तीच मात्रा सकाळी २ मिली आणि संध्याकाळी २ मिली अशी विभागली. टाकीत अमोनिया दिवसभर थोडा-थोडा येतो, एकदम २ पीपीएम कधीच येत नाही. स्पंजला त्याची सवय आधीच लागलेली बरी.

मासे आणायच्या दिवशी स्पंज टाकीच्या पाण्याने भरलेल्या टबमध्ये हलकेच खळबळून टाकीत लावला. बादलीतलं पाणी सांडून दिलं. त्यात नायट्रेट शंभराच्या पुढे असतं, ते टाकीत नेण्यात काही अर्थ नाही. स्पंज लावून आठवडाभर मासे आणले नाहीत तर ही सगळी मेहनत ओसरू लागते. म्हणून मासे ठरल्यानंतरच तो हलवावा. नवे मासे आधी वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवत असाल, आणि ठेवावेच, तर हाच स्पंज त्या टाकीत लावायचा आणि नंतर माशांबरोबर मुख्य टाकीत आणायचा. फक्त तिथे औषध वापरलं तर अमोनिया पुन्हा मोजल्याशिवाय स्पंजवर विसंबू नये.

आधी बारा टेट्रा. पहिल्या दिवशी खाद्य नाही, मग आठवडाभर अठरा माशांना मिळून रोज ०.२ ते ०.३ ग्रॅम. मोजणी रोज. एखाद्या दिवशी अमोनिया ०.२५ दिसला तर त्या दिवशीचं खाद्य बंद. सलग दोन दिवस दिसला तर तीस टक्के पाणी बदल. दोन आठवड्यांनी सहा कोरीडोरस. त्यांच्यामुळे गणित बिघडतं ते बुडणाऱ्या गोळ्यांमुळे. एक गोळी पापुद्र्यांच्या खाद्याच्या अख्ख्या चिमटीपेक्षा जड भरू शकते आणि रात्री लाकडाखाली विरघळत पडते. गोळ्या काट्यावर तोलूनच एकूण ०.६ ग्रॅममध्ये बसवाव्यात. दोन तासांनी उरलेलं सायफनने काढावं.

नायट्रेटचा हिशेबही आधीच होतो. ०.६ ग्रॅम खाद्याच्या २७ मिलिग्रॅम अमोनियाचं ९८ मिलिग्रॅम नायट्रेट होतं, शंभर लिटरमध्ये रोज एक पीपीएम, आठवड्याला सात. दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदललं तर बदलण्याआधीचा आकडा २३च्या आसपास स्थिरावतो. वनस्पती असतील तर त्याहून कमी. नळाच्या पाण्यातच नायट्रेट असेल तर तेवढं वर धरायचं. वही बघून आकडा तिशीच्या पुढे जात राहिला तर पाणी जास्त बदलण्याआधी काटा काढून चिमूट तोलावी. स्पंजमधला प्रवाह मंदावला की तो टाकीतून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, आणि टांगत्या फिल्टरला त्यानंतर किमान दोन आठवडे हात लावायचा नाही.